अकरा किलोमीटर

तोर्शहाव्नचा दवाखाना, दुसरा मजला,
मंगळवार संध्याकाळ, साडेपाच.
नऊ खुर्च्या. संडासाजवळच्या तीन
आधीच धरलेल्या.
बसायच्या जागेवरूनच
आम्ही एकमेकांना ओळखलं.

हर्बोर्ग म्हणाली, आठ आठवडे आपण
लक्ष द्यायला शिकू.
बॉरुर हसला. सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला असतो,
हसला की खुर्चीसुद्धा होडीसारखी डुलते.
"लक्ष? बाई,
गेली अकरा वर्षं माझं दुसरीकडे लक्षच नाही."

मग तिनं ताटलीतून बेदाणे फिरवले.
एकेक घ्या. बघा. वास घ्या. जिभेवर ठेवा.
कुणी हात लावेना.
बेदाणा म्हणजे साल,
म्हणजे रात्रीचे तीन, म्हणजे थंड फरशी.
सतरा वर्षांच्या त्रोंदुरनं एक उचलला,
दिव्याकडे धरला,
म्हणाला, दिसायला तर गरीब वाटतो.
हर्बोर्ग कानापर्यंत लाल.
पुढच्या मंगळवारी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घेऊन आली.
तेव्हापासून ती आमची.

डोळे मिटा. पावलं. घोटे. गुडघे.
मी मांड्यांवरून थेट छातीवर उडी घेतली,
वादळात एखादं बेट गाळून
पुढं निघून जाणाऱ्या बोटीसारखी.
ती म्हणाली, जे गाळलंत तिथं परत जा.
दारापर्यंतच.
आत नाही गेलात तरी चालेल.

दार मला कळतं. मी बस चालवते.
दिवसातून सहा वेळा समुद्राखालच्या बोगद्यातून,
अकरा किलोमीटर,
ना थांबा, ना आडोसा.
म्हणून बोगद्याआधी उपाशी, बोगद्यानंतर उपाशी.
पोटासाठी नोकरी,
आणि नोकरीसाठी पोट मारायचं.
अगदीच अनावर झालं तर पलीकडच्या पेट्रोलपंपावर
बस उभी करून सांगायचं, चाक बघते जरा.
वीस वर्षांत एवढी चाकं
कुणी तपासली नसतील.

सहाव्या आठवड्यातला गुरुवार. तिसऱ्या किलोमीटरला
कळ आली.
तिनं एकच तिकीट काढलं होतं.
तिच्यामागून भीती चढली, भीतीची धाकटी बहीण लाज,
सातवीतली ती दुपार, बाकावरचा डाग,
आणि उद्या गावभर काय बोलतील ते,
सगळी फुकटी, धक्काबुक्की करत.
बोगद्यात कुणाला उतरवता येत नाही.
मी आरशात पाहिलं. एकेकीला नावानं ओळखलं.
म्हटलं, बसा.
श्वास आत. दिवा. श्वास बाहेर. दिवा.
कळ होती तेवढीच होती,
कमी नाही झाली, खोटं कशाला सांगू,
पण ती आता
एकटीच्याच मापाची होती.

वर आलो तेव्हा धुकं, ओलं गवत, रस्त्यात एक मेंढी.
मी पंपाशी थांबले, माइक हातात घेतला.
पोटातलं ओठांवर यायला
वीस वर्षं आणि अकरा किलोमीटर लागले.
"माझं आतडं आजारी आहे. मला जावं लागेल.
थोडं थांबा."
मागं कुणी खोकलंसुद्धा नाही. वायपर चालू राहिला.

सात मिनिटांनी परत आले, पाय थरथरत.
कुणीतरी थर्मास उघडला होता, कॉफीचा वास.
पुढच्या सीटवरची म्हातारी एल्स्पा
विणकामातून मान वर न करता म्हणाली,
बरं झालं, तेवढ्यात
माझी मोज्याची टाच वळली.

रक्त अजून जातं. सुई अजून
दर आठ आठवड्यांनी टोचतात.
त्रोंदुर या मंगळवारी आला नाही, वॉर्डात आहे,
त्याची खुर्ची आम्ही दाराजवळच ठेवली.

डेपोत रात्री तक्ता भरायचा असतो.
उशीर: सात मिनिटं.
कारण:
पेन सवयीनं 'चा' लिहून थांबलं.
मी ते खोडलं, शेजारी लिहिलं, पोट.
चाकाची
काही चूक नव्हती.